हूं नाही की चूं नाही

लहान मुलांचे स्कॅन काढणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सगळे 'गप्पबसे काका' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांच्याकडे लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची मुलं येत, आजार अंगात कुठवर पसरलाय ते पाहायला. सुईतून साखरेसारखं औषध द्यायचं, तासभर निजवायचं, मग चित्र काढायचं. आजार ती साखर खातो आणि चित्रात उजळतो. पण पोर बडबडलं, रडलं, काही चघळलं, की स्नायूही साखर खातात आणि चित्राचा विचका होतो. एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवताना काकांच्या नाकी नऊ येत.

उपाशी आणा म्हटलं की आजोबा हळूच बिस्किट देणार. निजू द्या म्हटलं की आत्या मोबाइलवर गाणी लावणार, आणि आई तर कानाशी पुटपुटतच राहणार. तासभर थांबा, जन्मभर बोलायचंच आहे, असं काका बोलून जात. आणि 'जन्मभर' हा शब्द इथे वापरू नये हे आठवून आणखीच चिडत. शेवटी त्यांनी नातेवाइकांना खोलीबाहेर बसवायला सुरुवात केली. एसीचं रडगाणं वेगळंच. यंत्राला गारवा लागतो म्हणून सोडलेली हवा शेजारी मुलांना निजवायच्या खोलीतही घुसे, आणि दुरुस्तीवाल्याचं 'बघतो' ऐकून काकांचे कान किटले होते.

अशात एक आठ वर्षांची मुलगी आली. तिच्या पोटात गाठी होत्याच. आजार वर मानेपर्यंत गेलाय का, एवढंच पाहायचं होतं. गेला असेल तर औषधं कितीतरी जहाल. काकांनी आईला बाहेर काढलं, मुलीला ब्लँकेट घातलं आणि नेहमीचं बजावलं: हलायचं नाही, बोलायचं नाही. तासभर पोरीचं हूं नाही की चूं नाही. एक तरी शहाणं पोर भेटलं म्हणून काका खूश झाले.

चित्रात मानेच्या दोन्ही बाजू लख्ख उजळल्या. डॉक्टरबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मूल गारठलं की मानेजवळची चरबीसुद्धा ऊब आणायला अशीच साखर खाते, म्हणाल्या. ही चरबी की गाठी, छातीठोक सांगता येत नाही. पुन्हा करावं लागेल.

काका तरातरा मुलीकडे गेले. तिचे पाय बर्फासारखे गार होते. ब्लँकेट पलंगाखाली पडलं होतं. मघाशी तिला यंत्राकडे नेताना, खाली पडलेलं ते त्यांनीच न बघता पायाने बाजूला सारलं होतं.

"अगं, थंडी वाजत होती तर सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, हलायचं नाही, बोलायचं नाही."

काकांना आधी तिचाच राग आला, मग दुरुस्तीवाल्याचा, आणि मग राग काढायला दुसरं कुणी उरलं नाही. पुन्हा सुई, पुन्हा उपास, आणि उपचार आणखी लांबणार, हे आईला सांगायला तेच गेले. तिने फक्त पुन्हा कधी यायचं ते विचारलं. चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला त्यांनी एसीच्या झडपेवर स्वतः पुठ्ठा चिकटवला, आईला उशाशी बसवलं, मुलीला मोजे, टोपी आणि दोन ब्लँकेटं घातली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. सारखं दार उघडून विचारत, थंडी वाजतेय का गं? ती डोळ्यांनीच नाही म्हणे. शेवटी तिने ओठांवर बोट ठेवलं. आईला हसू आलं, आणि काका चडफडत दार लावून गेले.

चित्र आलं. पोटातला आजार होता तिथेच होता. मानेत मात्र एक ठिपका नाही.

"वर काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आईला सांगायला उठल्या.

काका मुलीला यंत्रावरून उतरवायला गेले.

"आता बोलू?" तिने विचारलं.

काकांनी तिची टोपी सारखी केली. त्यांनी नुसती मान डोलावली.

"त्या दिवशी ना काका, मला खूप थंडी वाजत होती."