डाव्या बरगडीखालची गाठ

लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत, वाकून धान लावताना, माझ्या डाव्या बरगडीखाली टोचू लागलं. चाचपलं तर आत गोल, कठीण काहीतरी लागलं. चामोर्शीकडच्या आमच्या गावात हिवतापाने डाव्या कुशीतली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली माणसं घरोघरी होती, पण मला ताप येत नव्हता. शेजारची सून पोटातल्या गाठीनेच गेली होती. शेवटच्या दिवसांत तिला पाणी पाजायला मीच जायची. तिचा चेहरा आठवून माझ्या घशाखाली घास उतरेना. अंग वाळलं, आणि ते गाठीमुळेच असं समजून मी जास्तच भ्याले. सासरी बोलले नाही. परत पाठवतील, ही धास्ती होती.

दिवाळीला माहेरी गेले. न्हाऊ घालताना मायचा हात तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, नुसती पानथरी वाढलेली वाटत नाही, नागपूरला जाऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढा.

मूल गावच्या स्टेशनापर्यंत बैलबंडीने आणि पुढे लहान आगगाडीने आम्ही नागपूर गाठलं. आधी मला टेबलावर निजवून फोटो काढला. मग अंधाऱ्या खोलीत खडूसारखं पांढरं औषध पाजून एका फळीमागे उभं केलं. तिथले डॉक्टर पोट दाबत, फळीवर उमटलेल्या हिरवट उजेडात माझं पोट आतून बघत होते. मध्येच त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं इंग्रजीत हळू बोलू लागले. माझं मरण ठरलं, असंच मला वाटलं.

पुष्कळ वेळाने आत बोलावलं. फोटो खिडकीपाशी धरला होता. माझ्या फासळ्यांखाली एक पांढरं कडं दिसत होतं.

मायने विचारलं, "हे मरन त नोहे न, डाक्टरसायेब?"

"तसं दिसत नाही," ते म्हणाले. "पानथरीतली ही जुनी पाण्याची गाठ असावी. भोवती चुन्याचं कवच धरलंय. जठराला ढकलते म्हणून टोचतं. वर्षाने पुन्हा बघू. तोवर पोटावर मार लागू देऊ नका, फुटली तर जिवावर बेतेल."

एक भीती गेली आणि दुसरी आली. सासरी परतल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मले पैलेच काऊन नाई सांगतलं?" एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने मला गोठ्यात जाऊ दिलं नाही. तरी वासरू जवळून धावलं की माझा हात कुशीवर जायचा. झोपेत कूस बदलायचीही भीती वाटे.

वर्षाने तोच मला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी धरून मोजमाप केलं. गाठ तेवढीच होती; वाढत नाही, आता भिण्याचं कारण नाही, असं ते म्हणाले. परतीच्या गाडीत मी डब्यातली भाकर पोटभर खाल्ली, आणि नवरा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला.