मालकांनी पिवळं केलेलं देऊळ

“मॅडम, त्येला सांगा की, देऊळ पाच हजार वर्षांचं हाय.”

मी पीटरला इंग्रजीत सांगितलं, साधारण नऊशे. मालकांचं लक्ष नव्हतं. ते कळसासोबत सेल्फी काढत होते.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी मर्चंडायझर आहे. म्हणजे परदेशी बायर आणि आपला कारखाना यांच्या मधे उभं राहून दोन्हीकडची बोलणी खाणारी बाई. पीटर हॉलंडचा बायर. तो आला होता भांडायला. रंग पास करायला आधी एक छोटा तुकडा रंगवून पाठवतात, त्याला लॅब डिप म्हणतात. नंतरचा सगळा माल त्याच्याशी जुळला पाहिजे. पीटरने पास केला होता वाळल्या मातीसारखा बेज. माल निघाला पिवळट. ऑर्डर रद्द झाली तर आमची दुसरी पाळी बंद पडणार होती.

मालकांनी सगळा दोष ट्यूबलाइटवर ढकलला, तिच्या उजेडात माल पिवळा दिसतो म्हणे. वर तोडगाही काढला, “त्येला जुनी देवळं बघायची लई हौस हाय. फिरवून आणू. थंड हुतंय.”

म्हणून भीमेकाठचं हे देऊळ. पीटरकडे एक जाड पुस्तक होतं, त्यात इथल्या काळ्या दगडाच्या खांबांचा फोटो होता. तो बूट काढून आत गेला आणि उंबऱ्याशीच थांबला.

खांबांना वरपासून खालपर्यंत सोनेरी-पिवळा ऑइलपेंट. नर्तकींचे ओठ लालभडक. गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, आणि दारावर देणगीदार म्हणून आमच्या मालकांचं नाव, देवाच्या नावापेक्षा मोठं. मला शरम वाटली आणि संतापही आला.

“हे कुणी केलं?” पीटरने विचारलं.

मालकांनी छाती पुढे काढली. “आमीच की! समदं काळं मिट्ट हुतं. जरा कळा आणली.”

मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. इतक्या आनंदाने मी कधीच भाषांतर केलं नव्हतं.

“आधीचा रंग वाईट होता?”

“मेल्यावानी दिसत हुता. पिवळा मारला की जित्तं वाटतंय,” मालकांना आता चेव चढला. “तुमच्या टॉवेलात बी मीच टाकायला लावला, चिमूटभर. बिघडलं कुटं?”

मी मालकांकडे पाहिलं. थांबवतील असं वाटलं. ते हसत होते. नोकरी जाईल, हे मनात आलंच. तरी हेही सांगून टाकलं.

पीटरने खांबावरच्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “म्हणजे ट्यूबलाइट नव्हती.”

ऑर्डर रद्द झाली नाही. माल नव्याने, मालकांच्या खर्चाने करायचं ठरलं. शिवाय एक अट लेखी आली: माल पूर्ण होईपर्यंत मालकांनी डाइंग खात्यात, म्हणजे माल रंगवतात तिथे, पाऊल टाकायचं नाही. दुसरी पाळी वाचली. इतकी सुरळीत ऑर्डर आमच्याकडे कधी निघाली नव्हती.

पिवळे टॉवेल गडद तपकिरी रंगवून दुसरीकडे खपवले. देवळाचं तसं काही करता येत नाही. त्याची लॅब डिप आता फक्त पीटरच्या पुस्तकात आहे.