उजव्या बाजूचा निळा शर्ट

बाळांनो, आजोबांना शेवटच्या प्रवासात तुम्ही पाठवलेला निळा शर्ट घातला होता का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. तो शर्ट इथे जेद्दात, माझ्या कपाटात आहे. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतः वाचता आलं असतं. पण इंग्रजीत मी जन्मभर अर्ज लिहिले, आणि हाही तसाच नीटनेटका अर्ज झाला असता. तुमच्या बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही हे माहीत नाही.

आमच्या झोपायच्या खोलीत भिंतभर कपाट आहे, सरकत्या दारांचं. कंपनीने इतक्या वर्षांत तीन घरं बदलून दिली आणि प्रत्येक घरात मी कपाटाचे दोन भाग केले. डावीकडे इथलं, उजवीकडे नाशिकचं. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत हे असतं. इथल्या शराफिया बाजारातल्या दुकानांत काही चांगलं दिसलं की घ्यायचं, गावी न्यायला ठेवायचं आणि आपण जुनंच वापरायचं. माझ्याकडे त्याला शिस्त होती, एवढंच. चादर आणि अभ्रे त्यांच्यातल्याच एका अभ्र्यात भरायचे, म्हणजे जोड फुटत नाही. टॉवेल गुंडाळून उभे लावायचे. मोठ्या बॅगेत लहान बॅग आणि तिच्यात स्वेटर. नवे शर्ट पाकिटातच, पुठ्ठ्या-टाचण्यांसकट, एकाची कॉलर डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे चळत कलत नाही. प्रत्येक फळीवर चिठ्ठी.

"एक दिवस मलाही घडी घालून फळीवर ठेवशील तू," आजोबा म्हणायचे.

"मावलात तर ठेवीन," मी म्हणायचे. त्यांचं पोट तुम्हाला आठवतंय ना?

वाढदिवसाला तुमचं पार्सल आलं तेव्हा ते लगेच पाकीट फाडायला निघाले होते.

"अहो, टाचण्या काढू नका. इथल्या धुळीत आणि घामात वाट लागेल त्याची. नाशिकला घाला."

"अगं, नातवंडांनी पाठवलाय. अंगात घालून फोटो तरी काढू."

"पाकिटासकट धरा. काढते फोटो."

"बरं बाई. नाशिकलाच भेटू त्याला."

तो फोटो तुमच्याकडे आहे.

त्यानंतर चार महिन्यांनी ऑफिसात त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांना नाशिकला न्यायचं तर कागदपत्रं व्हावी लागतात. त्यात बरेच दिवस गेले. शेवटी त्यांच्या ऑफिसातले एक केरळी गृहस्थ घरी आले. सगळी धावपळ त्यांनीच केली होती. दारातच चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "भाभीजी, साहब के लिए एक जोडी कपडे दीजिए. पहनाने हैं."

मी कपाटाशी गेले. उजवीकडचं दार सरकवलं. निळा शर्ट सगळ्यात वर होता आणि माझा हात त्याच्यावर होता, हे मला पक्कं आठवतं. मग फळीवरची 'नाशिक' लिहिलेली चिठ्ठी दिसली. मी हात काढून घेतला, दार लावलं आणि डावीकडून ऑफिसचा क्रीम शर्ट काढला. त्याची कॉलर झिजली होती म्हणून मी उलटून शिवली होती. तो इस्त्री केला, पँट ठेवली, रुमाल ठेवला आणि पिशवी दिली. ते गेल्यावर डावीकडच्या चळतीत पडलेली जागा मी सारखी करत बसले. काही चुकलं असं तेव्हा वाटलंच नाही. विमानात पट्टा लावताना एकदम कळलं, की ते नाशिकलाच चालले आहेत.

तिथे पेटी उघडली तेव्हा सगळं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं, चेहरा तेवढा मोकळा. कोणी काही पाहिलं नाही, विचारलं नाही. विचारलंत ते तुम्ही.

घर रिकामं करायला मी परत आले त्याला आता तीन आठवडे झाले. डावी बाजू मी दोन दिवसांत आवरली. उजवीकडचं सोडून बाकी सगळं कपाट मोकळं आहे, पण मी माझ्या साड्या अजून खुर्चीवर ठेवते. एसी सुरू झाला की आतली प्लॅस्टिकची पाकिटं चुरचुरतात, कोणीतरी एकेक हाताळून बघत असल्यासारखी. हवा कुठून आत शिरते ते मला माहीत आहे. फटीला मी चिकटपट्टीही लावली. तरी आवाज झाला की माझ्या तोंडून "आले हं" निघतं, आणि मी खरंच उठून जाते. दार लावलेलं असलं तर उघडून बघते. उघडं असलं तर नीट लावून परत येते. दिवसातून किती वेळा, ते सांगत नाही.

काल दुपारी मी तो शर्ट बाहेर काढला आणि पलंगावर बसून टाचण्या काढल्या. कॉलरच्या आत, बाहीवर, पाठीमागे. एक बोटात गेली. कापडावर घड्यांच्या आडव्या-उभ्या रेघा पडल्या होत्या. इस्त्री फिरवली, पाणी मारून पुन्हा फिरवली, पण छातीवरची रेघ जात नाही. डावीकडे हँगरला लावला. त्या बाजूला तो एकटाच आहे. रात्रभर पाकिटं वाजली नाहीत, किंवा वाजली असतील आणि मला ऐकू आली नसतील.

मंगळवारी माझ्या बॅगा बंद करायच्या आहेत. बाकीचे शर्ट इथेच वाटून टाकीन, त्यांचा मला प्रश्न नाही. हा मात्र तुमचा आहे. मी तो नाशिकला नेऊन गोदावरीत सोडावा, की तुमच्याकडे परत पाठवावा, की इथेच कोणाच्या तरी अंगात जाऊ द्यावा, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवण्याचा हक्कही मी घालवलाय. तुम्ही दोघांनी सांगा. रागावला असाल तर आधी ते सांगा, मग शर्टाचं. सोमवारी संध्याकाळी मी फोन जवळ घेऊन बसते.