पैसा नसलेला समाज आणि वालाचं बिरडं

मंडळी, पैसाच नसलेला समाज कसा चालेल यावर मी महिनाभर इथे लिहितेय आणि तुम्ही माझ्याशी भांडताय. आज दुपारी मी हरले.

वालाचं बिरडं केलं होतं. घोडपदेवच्या चाळीत वाल सोलायला आम्ही चार बायका गॅलरीत बसायचो आणि बिरडं आठ घरांत जायचं. गेलेली वाटी कधी रिकामी परत यायची नाही. आता लालबागच्या टॉवरमध्ये एकटी राहते, एकटीच सोलते, पण हाताला माप अजून आठ घरांचंच आहे.

म्हणून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. तिथल्या मुलीने वाटीवरचं झाकण काढलं, वास घेतला आणि विचारलं, "काकी, किती द्यायचे?"

"अगं, पैसे कसले? शेजारी आहोत आपण."

"नको हो, फुकट घ्यायला ऑकवर्ड होतं. तुम्ही ऑर्डर घेता का? मला दर शुक्रवारी लागेल."

बाजार, नफा, सरकार, माझे सगळे मुद्दे तोंडाशी आले होते. मग डोक्यात आलं, म्हणजे दर शुक्रवारी ही माझी बेल वाजवेल.

"ऐंशी रुपये," मी म्हणाले.

तिने तिथेच पैसे पाठवले आणि वाटी धुऊन हातात दिली. रिकामी.

वाद नंतर घालू. आधी एवढंच सांगा, ऐंशी जास्त तर नाही ना झाले? महाग वाटून ती आलीच नाही तर?