एका माणसाचं भरीत

लेकीला दुसरं बाळ होणार होतं आणि बायकोला पुण्याला तिच्याकडे चार महिने राहायचं होतं. पण ती जाईना. कारण मी. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मी एक रात्र एकटा राहिलेलो नाही. चहाला साखर किती, हेही मी तिलाच विचारतो. "तुम्ही एकटे राहाल?" असं ती विचारी आणि स्वतःच हसे. मला राग आला आणि रागाच्या भरात मी तंबू मागवला.

ठरलं असं, की मी तापीच्या उत्तर काठानं चोपड्यावरून शिरपूरपर्यंत एकट्यानं गाडी न्यायची, दोन रात्री तंबूत काढायच्या, पक्षी-प्राणी बघायचे. जमलं तर ती निर्धास्तपणे पुण्याला जाणार, नाही तर घरीच थांबणार. निघताना गळ्यात दुर्बीण घातलेल्या मला पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीनं पाहिलं. कुणीच हसलं नाही, ते जास्त लागलं.

पहिले वन्यप्राणी चोपड्याच्या पुढे दिसले. हरभऱ्यात सहा-सात रोही, म्हणजे नीलगायी, घोड्याएवढे, निळसर. मी गाडी थांबवली, श्वास रोखला, दुर्बीण लावली. तेवढ्यात शेतमालक बांधावरून धावत आला. "भाऊ, देखी काय राह्यनात? हाकला ना त्यास्ले!" मग काय, ज्यांना बघायला घरून निघालो त्यांनाच मी हॉर्न वाजवत, टॉवेल फिरवत हाकलून लावलं. फोटो एकच आला. त्यात टॉवेल स्पष्ट आहे.

दुपारी एका शेतकऱ्याला विचारून नदीकाठी त्याच्या पडीक तुकड्यात तंबू ठोकायला घेतला. दोन तास लागले. उथळ पाण्यात रंगीत करकोचे उभे होते आणि माझी एवढी आदळआपट चालू असताना एकही उडाला नाही. आपण निसर्गात मिसळलो, असं वाटून मला भरून आलं. हा माणूस कुणाचं काही वाकडं करू शकत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

माती मी खाल्ली ती संध्याकाळी. थंडीचे दिवस, नदीकाठ, सोबत भरताची वांगी. बांधावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. मी जाळ केला आणि वांगी त्यात टाकली. वांगी तीन किलो होती. एका माणसाचं भरीत किती वांग्यांचं, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. ते दहा जणांच्या खाली होतच नाही. आणि पऱ्हाटीचा धूर दिसला की कुठेतरी भरीत पार्टी आहे, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं.

आधी त्या पडीक तुकड्याचे मालक, नाना आले. "कितला जन शेतस?"

"मी एकटाच."

"एकला? आनि भरीत?" त्यांनी वाकून तंबूत पाहिलं. मग शेजारी बसून हळूच विचारलं, "घर भांडन व्हयनं का?"

मी नाही म्हटलं, ते त्यांना पटलं नाही. असल्या माणसाला एकटं सोडायचं नाही म्हणून त्यांनी हाक मारली. त्यांच्या बायको, अक्का, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन आल्या, शेजारच्या मळ्यातले चौघं कांद्याची पात आणि मिरच्या घेऊन आले. करकोचे मात्र आता उडाले.

बायकोचा फोन आला तेव्हा माझे हात वांग्याच्या काळ्या सालींनी भरले होते. तो नानांनीच उचलला. "ताई, काळजी करू नका. भाऊ बठ्ठास्ना बरोबर जेवी राह्यनात."

सगळ्यांबरोबर जेवतोय म्हणजे मी नापास झालो होतो, पहिल्याच संध्याकाळी. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आता ती थांबणार होती. तंबू मागवला तेव्हापासून मनात हेच होतं, फक्त कबूल करायची लाज वाटत होती. मी घाईघाईनं हात पुसून फोन घेतला.

"उद्या घरी या," ती म्हणाली. "माझं पुण्याचं तिकीट काढायचंय."

"अगं, पण मी एकटा कुठे राहिलो?"

"तेच म्हणतेय. नदीकाठी जाऊन बसलात तरी तुम्हाला माणसं मिळतात. मग मी कशाला अडकून पडू?" तिचा आवाज इतका हलका मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

फोन ठेवला. अक्कांनी माझ्यापुढे आणखी एक भाकरी ठेवली. "काय म्हनी ताई?"

"जाते म्हणाली," मी म्हटलं, आणि एका माणसाच्या भरताला वांगी किती लागतात, ते त्यांना विचारलं.