जोखमीत न बसलेली श्रावणी

यशोदेच्या हातात बाळं झोपतात, असं त्या सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टर म्हणायच्या. ते खरंच होतं. कालच जन्मलेलं, लालबुंद, किंचाळून किंचाळून दमलेलं लेकरू तिच्याकडं दिलं की ती त्याला असं काही कुशीत दाबायची की बघता बघता गप. मग ती त्याच्या कानात मऊ रबराचं इवलंसं बोंड बसवायची. त्याला टिप म्हणतात. टिपेची वायर मशीनला. मशीन कानात बारीक आवाज सोडतं, आणि कान धड असला तर कानच उलट उत्तर देतो. हो, कान उत्तर देतो! यशोदेला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा तिलाही ही थापच वाटली होती. उत्तर आलं की हिरवा दिवा. नाही आलं की पुन्हा बघायचं, आणि तरीही नाही आलं की मोठ्या तपासणीला पाठवायचं. एवढंच तिचं काम.

पण एवढ्याशा कामासाठी अख्खं विधिमंडळ बसलं होतं, बरं का. दवाखान्यात जन्मलेलं एकही मूल कानाच्या तपासणीशिवाय घरी जायचं नाही, असा कायदा झाला. टीव्हीवर दाखवलं. बाकं वाजवली सगळ्यांनी, इकडच्यांनी वाजवली, तिकडच्यांनीही वाजवली. मशीन आलं, त्याला हार घातला, नारळ फोडला. यशोदेला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. पहिलं वर्ष झकास गेलं, आणि मग बजेट आलं.

कायद्याचं काय, तो कागदावर जगतो. पोट असतं ते बजेटला. मशीनला पैसे धरले होते, यशोदेच्या पगाराला धरले होते, टिपांना धरायचं राहूनच गेलं. बैल घेतला, गाडी घेतली, वैरणीचं कुणाच्या ध्यानातच नाही! आता एकाच्या कानातली टिप दुसऱ्याच्या कानात घालता येत नाही, जंतू जातात. पाकिटं संपत आली तशी दवाखान्यानं मागणी पाठवली. उत्तर आलं की सदर बाबीसाठी लेखाशीर्षाखाली तरतूद नाही, पुरवणी मागण्यांच्या वेळी विचार करण्यात येईल. म्हणजे पुढचं अधिवेशन भरेपर्यंत गप बसा. आणि तोवर शिल्लक टिपा फक्त जोखमीच्या बाळांना वापरा. जोखमीचं म्हणजे कोण, तर कमी वजनाचं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, जन्मल्यावर न रडलेलं, घराण्यात कुणी बहिरं असलेलं. बाकीच्यांना सांगायचं, नंतर बोलवू.

यशोदा तसं सांगू लागली. बायका मान डोलवायच्या आणि बाळ गुंडाळून रिक्षात बसायच्या. कुणी भांडलं नाही. ज्याचं लेकरू धडधाकट दिसतंय तो कशाला भांडेल?

एकदा मात्र जुळे सोलापूरकडचे एक साहेब नातवाला घेऊन आले. रिटायर्ड अधिकारी, बोलणं साखरेसारखं. म्हणाले, "मॅडम, एकच टिप की. कुणाला कळतंय?" यशोदा म्हणाली, "साहेब, नियमात बसत नाही." साहेब तणतणत वरपर्यंत गेले, पण ही हलली नाही. सिस्टर लोकांत तिचं नाव झालं. हेडसिस्टर म्हणाली, "बाई, तू म्हणजे लोखंडाचा चणा आहेस." यशोदेला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तिला अशा नावाची गरजच होती. लग्न करून दिलं तो नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला होता, पगार बरा होता, पण बायकोवर हात उठायचा. एके दिवशी ती एक पिशवी घेऊन आईच्या दारात आली ती आलीच. आई पार्वतम्मानं काही विचारलं नाही, भाऊ सतीशनं वरच्या मजल्यावरची खोली रिकामी करून दिली. पुढं ती शिकली, कोर्स केला, नोकरी धरली. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला स्वतःचं म्हणावं असं काय असतं हो? तिच्याकडं ही सरळपणाची कीर्ती तेवढी होती, आणि ती तिनं जिवापाड जपली होती.

त्या टिपांच्या दुष्काळातच तिची भावजय प्रियंका त्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली गुबगुबीत, आणि रडली अशी की वॉर्डातल्या बाकीच्या पोरांनी तिच्या सुरात सूर मिळवला. "आवाज बघा की भवानीचा," पार्वतम्मा म्हणाली. यशोदेनं भाचीला उचललं, कुशीत दाबलं आणि शांत करायला म्हणून शेजारच्या आपल्या खोलीत नेलं. मशीन तिथंच होतं. कपाटात शेवटचं पाकीट होतं, किल्ली तिच्या कमरेला होती.

मनात आलं नाही असं नाही. आलं. पण त्या साहेबांना नाही म्हणून आठवडासुद्धा झाला नव्हता. घरच्या पोरीला टिप लावली हे सिस्टरांच्या कानावर गेलं असतं तर लोखंडाच्या चण्याचं पीठ व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि शिवाय पोरगी ही अशी ठणठणीत. कसली आली जोखीम! तिनं तिच्या टाळूवर हात फिरवला आणि झोपलेली भाची आणून प्रियंकाच्या शेजारी ठेवली. पोरीचं नाव श्रावणी ठेवलं.

आता त्यांच्या घराचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं घर, खाली माग, वर माणसं. सतीशच्या यंत्रमागांवर टॉवेल निघतात. सकाळी माग सुरू झाले की रात्रीपर्यंत खटखट, खटखट, भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरते. एकट्या या घरात नव्हे, अख्ख्या गल्लीत. नवा पाहुणा आला तर तासाभरात डोकं धरून बसतो. या लोकांना मात्र ते ऐकूच येत नाही. मागाजवळ बोलायचं झालं तर ओरडायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मागाजवळ ही तिसरी, हातवाऱ्यांची भाषा.

अशा घरातली लेकरं खटखटीतच झोपतात. सतीश असाच झोपला, यशोदा अशीच झोपली. आवाजानं दचकणारं पोर असलं तर म्हाताऱ्या म्हणतात, याला नजर लागली. श्रावणी तर काय, खाली माग धडधडताहेत, गल्लीत लग्नाचा बँड चाललाय, आणि ही झोळीत मूठ उघडी टाकून गाढ. पार्वतम्मा शेजारणींना बोलवून दाखवायची. "खरी मागवाल्याची नात हाय," म्हणायची. यशोदाही हसायची. नवी पेठेतून तिनं भाचीला लाल-पिवळा खुळखुळा आणला होता. तो तोंडासमोर हलवला की श्रावणी पाय झाडायची, हात पुढं करायची, खुदखुदायची. कोण म्हणेल तिला काही कमी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे कान बघणारी बाई घरात होती, आणि तिला शंका आली नाही. यावी कशी? या घरांतलं शहाणं पोर जसं वागतं, अगदी तसंच ती वागत होती.

वर्षाचा वाढदिवस झाला. पोरगी चालायला लागली, बोलेना. पार्वतम्मा म्हणाली, घरात दोन भाषा, गोंधळली असंल. सतीश म्हणाला, मीपण उशिराच बोललो होतो ना अम्मा?

मग एका दुपारी वीज गेली. यशोदेला सुट्टी होती, ती जेवणाची ताटं आवरत होती. मागवाल्यांच्या गल्लीत वीज गेली की काय होतं, ते बाहेरच्याला ठाऊक नसतं. माग थांबतात, आणि झोपलेली सगळी पोरं जागी होतात. आवाजाला सरावलेलं पोर शांततेनं दचकतं. तसंच झालं. समोरच्या अक्कम्माचा नातू ठणाणा रडायला लागला, त्याच्यापलीकडं आणखी एक, मग गल्लीच्या टोकाला तिसरं. बायका दारादारातून "आले गं, आले गं" करत पोरांकडं धावल्या.

श्रावणी झोळीत झोपलेलीच होती.

"माझी बाय बघ किती शहाणी," पार्वतम्मा म्हणाली. "उठली पण न्हाई."

यशोदा ताट हातात धरून उभी राहिली. मग ती झोळीच्या मागच्या बाजूला गेली, पोरीला दिसणार नाही अशी, आणि तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग ताट फरशीवर टाकलं. पार्वतम्मा केवढ्यानं दचकली, "अगं ए, वेड लागलं का?" म्हणून ओरडली. झोळीतली मूठ तशीच उघडी, श्वास तसाच संथ.

यशोदेला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. पायाला मुंग्या येतात तसं आतून सगळं बधिर झालं, आणि ते तसंच राहिलं. तिनं ताट उचललं, विसळलं, जागेवर ठेवलं. संध्याकाळी सतीशला सांगितलं, "हिचे कान दाखवायला पाहिजेत." दवाखान्यात इतर बायकांना सांगायची त्याच आवाजात सांगितलं.

मोठी तपासणी झाली. दोन्ही कान. डॉक्टर तरुण होता, स्वभावानं बरा होता. म्हणाला, आधी कानाची मशीनं लावू, मग ऑपरेशनचं बघू. ऑपरेशन सरकारी योजनेत होतं, पण यंदाची तरतूद संपलेली, नाव पुढच्या वर्षाच्या रांगेत. "पहिल्या महिन्यातच कळलं असतं ना," तो म्हणाला, आणि सतीशचं तोंड बघून पुढचं गिळलं. पुढचं यशोदेला पाठ होतं. कायद्यामागचं कारण म्हणून तेच तर त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं: लवकर कळलं तर मूल बाकीच्या पोरांबरोबर बोलायला लागतं, उशीर झाला की मागं पडतं, आणि किती मागं ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. सतीश मागांवर जास्त वेळ उभा राहू लागला. पार्वतम्मानं देवाला नवस केला. प्रियंका श्रावणीला समोर बसवून तोंड मोठं मोठं करून "अम्मा, अम्मा" म्हणायची, आणि श्रावणी तिच्या ओठांवर बोट ठेवून हसायची.

तिकडं आधीची अधिवेशनं कोरडीच गेल्यावर एकदाच्या पुरवणी मागण्या मंजूर झाल्या, टिपांची खोकी आली. एवढी आली की कपाटात मावेनात. यशोदेनं ती रचून ठेवली. पुन्हा सगळ्या बाळांची तपासणी सुरू झाली. हिरवा दिवा, हिरवा दिवा, हिरवा दिवा. पूर्वी दिवा लागला की ती बाळाच्या आईकडं बघून हसायची. आता "चांगलं आहे, न्या" म्हणायची आणि पुढचं बाळ घ्यायची. बाळं अजूनही तिच्या हातात झोपायची, त्यांना काय कळतंय! हेडसिस्टर म्हणाली, "बरं नाही का गं?" ती म्हणाली, "बरी आहे की." आणि तिला खरंच काही दुखत नव्हतं. कधीतरी दुखावं असंही तिला वाटायचं.

एकच गोष्ट सांगायची राहिली होती. त्या दिवशी कपाटात टिपा होत्या, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. टिपा संपल्या होत्या, असंच सगळे धरून चालले असणार, असं ती समजत होती, आणि तिनं ते तसंच चालू दिलं होतं. सांगितलं तर या घरात राहायचं कसं? आणि न सांगता तरी रोज प्रियंकाच्या हातचं जेवायचं कसं? तिनं बरेच दिवस ढकलले. शेवटी एका रविवारी गच्चीवर प्रियंका वाळलेले कपडे काढत होती, श्रावणी कानामागं ती दोन मशीनं लावून चिमट्यांशी खेळत होती, तेव्हा ती वर गेली.

"प्रियंका," ती म्हणाली, "हिच्या वेळेस टिपा संपलेल्या नव्हत्या. थोड्या होत्या. मी लावली नाही."

प्रियंकाचे हात दोरीवरच थांबले. ती ओरडेल, रडेल, निदान पाठ तरी फिरवेल, असं यशोदेला वाटलं. तिला ते चाललं असतं. पण प्रियंकाला ते समजलंच नसावं.

"लावली नाही?" ती म्हणाली. "पण तुम्ही तर तिला घेऊन मशीनच्या खोलीत गेला होता की, अक्का."

"रडत होती म्हणून नेली होती. तेवढंच."

प्रियंका खाली बसली. श्रावणीनं एक चिमटा तिच्या हातात दिला, तो तिनं घेतला.

"मला वाटलं, घरच्या आहात, बघितलंच असणार," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सगळ्यांना तसंच सांगत होते. आणि अक्का, मला शंका आली होती. चार महिन्यांची असताना आली, मग परत दिवाळीत फटाके वाजले तेव्हा आली. दोन्ही वेळा मी मनाला म्हटलं, काही नाही गं, आमच्या अक्कांनी बघितलंय."