घाटंजीचे तबकडीमामा आणि मामींचा मसाल्याचा डबा

पांढरकवड्याच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरलात की रिक्षावाले तुम्हाला थेट टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाचा भाव सांगतात. मी म्हटलं, "दादा, मी वाघ नाही, मामा बघायला आलेय." बिचाऱ्याने रिक्षा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळवली.

झालं असं, की दसरा उलटला आणि मामींचा पुण्याला फोन आला. "एक डाव येऊन जाय, बाई. तुहे मामा या वयात फटफटीवर गावोगाव फिरून राह्यले. मांगच्या महिन्यात पडले. तुहं ऐकतात ते. त्यायले म्हन, बस करा आता."

मनोहरमामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. घाटंजीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पण आसपासच्या गावांत त्यांना तबकडीमामाच म्हणतात. कुणाला आकाशात उजेड दिसो, गोळा दिसो, उडती तबकडी दिसो, मामा फटफटीला किक मारून चौकशीला हजर! उभं आयुष्य याच नादात गेलं. लोक हसतात, मामाही त्यांच्याबरोबर हसतात आणि पुढच्या गावाला जातात.

तर तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून सकाळची एसटी धरा. हैदराबादचा हायवे झकास आहे आणि आपल्याला, म्हणजे बायकांना, अर्धं तिकीट. स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिखट सोसत नसेल तर वरून दही मागा, लाजू नका. मी लाजले आणि नाक-डोळे पुसत घाटंजीच्या गाडीत चढले. तो रस्ता मात्र कमरेची परीक्षा बघतो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, सोयाबीन निघून गेलेलं, मधूनच रस्त्याला चिकटलेली एखादी बकऱ्यांची रांग. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

घरात पाऊल टाकते न टाकते तोच मामींनी मसाल्याचा डबा काढला. म्हणजे विषय काढला. डबा मामांकडे होता. "माह्या आईनं देल्ला होता लग्नात. ह्यायनं पळवला. मी अजून हळद बरनीत ठेवतो, बरनीत!"

मामांनी शांतपणे पिशवीतून तो पितळी डबा काढून मला दाखवला. वाट्यांमध्ये खसखस, ज्वारी, तूर, हरभरा, सुपारी. लिंबू डब्यात मावत नाही, म्हणून ते खिशात. ज्याला काही दिसलं त्याने हात समोर ताठ धरायचा, चिमटीत एकेक दाणा घ्यायचा आणि सांगायचं, तो उजेड केवढ्या दाण्याआड झाकला असता? घरी करून बघा. पौर्णिमेचा चंद्र हरभऱ्याआड सहज दडतो! मी पैज लावून हरले.

"बाकी साऱ्या केसा मिटल्या," मामा म्हणाले. "कुठं ग्रह निंघाला, कुठं लग्नातला कंदील. एकच राह्यली. ते मिटली का डबा तुह्या मामीले परत, अन् मी बी घरी."

ती उरलेली केस त्या दोघांचीच. मामी नव्या नवरी असताना सीतादहीला घरच्या शेतात गेल्या होत्या. कापसाची वेचणी सुरू करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तीच सीतादही. संध्याकाळी घरी परतताना बांधावरून पश्चिमेला एक उजेड दिसला. मामा म्हणतात, खसखशीएवढा. मामी म्हणतात, लिंबाएवढा! खसखस असेल तर शुक्र, विषय संपला. पण लिंबू म्हणजे चंद्राच्या कितीतरी पट मोठं काहीतरी. दोन साक्षीदार, दोन तोंडं. म्हणून केस उघडीच.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या मागे फटफटीवर बसून केळापूरच्या बाजूला एका वस्तीवर गेले. वनिताबाई नावाच्या शेतकरीण बाईंना पहाटे आकाशात दिव्यांची माळ सरकताना दिसली होती. जावा-दिरांनी त्यांना येड्यात काढलं होतं आणि आता अंगारे-धुपाऱ्यांसाठी कुठल्याशा बुवाकडे न्यायचं घाटत होतं. बाई रडकुंडीला आलेल्या.

मी लगेच तोंड उघडलं. "अहो, ते उपग्रह असतात, मी मोबाईलवर दाखवते..."

"तू थांब व!" मामांनी मला झापलं. "बाई बोलून राह्यली न."

मग चहा झाला, वनिताबाईंचं सगळं सांगून झालं, अंगणात हात ताठ झाला. प्रत्येक दिवा खसखशीएवढा. एकामागे एक, सरळ रेषेत, न लुकलुकता. मग कुठे मामांनी सांगितलं की माणसानेच वर सोडलेले उपग्रह आहेत ते, पहाटेच्या उन्हात चमकतात.

"म्हंजे मी येडी नाई?"

"कोन म्हनते? तुमी पाह्यलं ते खरंच पाह्यलं. काय पाह्यलं, तेवढं शोधा लागते." मग दिराला बोलावून हेच पुन्हा सांगितलं, जरा वरच्या आवाजात. बुवा रद्द झाला. निघताना वनिताबाईंनी पिशवीत वांगी घातली. परत येताना माझ्या मनात आलं, या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की बस करा?

तिसऱ्या दिवशी सीतादही. वेचणाऱ्या बायका, दहीभात, झाडाला हळदकुंकू. दुपारी भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. आहाहा! ऊन कललं तशा बायका गेल्या, आणि मामा मामींना बांधावर घेऊन गेले. हे दरवर्षीचं आहे म्हणे. साक्षीदाराचा जबाब पुन्हा त्याच जागी घ्यायचा. मामांनी मामींचा हात धरला, कोपर सरळ केलं, चिमटीत खसखशीचा दाणा ठेवला. "सांग. एवढा?"

"नाई."

"तुरीएवढा?"

"लिंबाएवढा," मामी ठसक्यात म्हणाल्या. मामांनी हताश होऊन डबा बंद केला आणि बैलांकडे गेले.

मी मामींना पकडलंच. "मामी, खरं सांगा. लिंबाएवढं काय होतं?"

"मले काय मालूम?" मामी पदर सारखा करत म्हणाल्या. "मी वर पाह्यलंच नाई. लगन होऊन सहा महिने बी झाले नव्हते. घरात सासू-सासरे, यायच्याकडं डोळे भरून पाहाची सोय नाई. त्या दिवशी हे आभाळात पाहून राह्यले होते, अन् मी यायले. यायनं इचारलं, केवढा? लाजंनं तोंडात आलं ते सांगतलं."

"मग आता तरी सांगा ना! केस मिटेल, मामा घरी बसतील, डबा मिळेल. तुम्हीच तर मला बोलावलंत!"

"अव, पडले म्हनून जीव घाबरला होता," मामी म्हणाल्या. "घरी बसून हा मानूस काय करन? अन् सालातून एक डाव माहा हात धरून बांधावर कोन नेईन मले?"

मी 'बस करा' म्हणायचा बेत सोडला. फटफटी हळू चालवण्याचं वचन तेवढं मामांकडून घेतलं.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा मामांनी विचारलं, "यंदा बी लिंबूच म्हनली न?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलून गाडीत ठेवली.

पुण्यात परतल्यावर वनिताबाईंची वांगी दोन दिवस पुरली, कंबर आठवडाभर दुखली. मग मला शहाणपण सुचलं. मी बोहरी आळीत जाऊन एक सुरेख पितळी मसाल्याचा डबा घेतला आणि मामींना पार्सल केला.

तो पोचला त्या दिवशी संध्याकाळीच फोन आला.

"डबा कायले पाठवला व?" मामी कडाडल्या. "आता मी यायच्याशी भांडू कायच्यावरून?"